उपाशी शरीराचा जमाखर्च
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाची संहिता)



काचीगुड्याहून सिकंदराबादकडे निघालेली गाडी विद्यानगर मागे टाकून जामिया उस्मानिया स्थानकावर थांबते. तेथून जवळच, तारनाक्याला, राष्ट्रीय पोषण संस्थेचे आवार आहे. १९१८ साली रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी कुन्नूर येथे बेरीबेरी रोगाच्या अभ्यासासाठी जे छोटे केंद्र उघडले, त्याचाच हा वाढलेला वृक्ष. १९५८ साली ही प्रयोगशाळा हैदराबादला आली आणि १९६९ पासून तिला आजचे नाव मिळाले. १९५० च्या दशकात डॉ. वि. ना. पटवर्धन हे मराठी शास्त्रज्ञ तिचे संचालक होते, याचे स्मरण या सभागृहात व्हावे हे उचितच आहे. आजचा विषय मात्र याच संस्थेतील संप्रेरकशास्त्राच्या अभ्यासक डॉ. कमला जया राव यांच्या संशोधनाचा आहे.

प्रश्न दिसायला साधा होता. गरिबाघरची दोन मुले एकाच प्रकारचे अपुरे अन्न खातात. एक मूल सुकत जाते. हाडांवर केवळ कातडे उरते, चेहरा म्हाताऱ्यासारखा दिसू लागतो. आपल्याकडे याला सुकटी म्हणतात. दुसऱ्या मुलाचे पाय आणि चेहरा सुजतात, केस विरळ व तांबूस होतात, कातडी सोलवटते आणि ते मलूल होऊन पडून राहते. ही सुजवटी. सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाईंनी १९३३ साली आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घाना देशात, या दुसऱ्या रोगाचे वर्णन केले. पुढे त्याला त्यांनी तेथील लोकांच्याच बोलीतले 'क्वाशिओरकोर' हे नाव दिले. पाठचे भावंड आल्यामुळे आईच्या अंगावरून दूर झालेल्या मुलाचा आजार, असा त्याचा आशय आहे.

त्या काळी एक सोपे उत्तर सर्वमान्य होते. उष्मांक कमी पडले की सुकटी आणि प्रथिने कमी पडली की सुजवटी. या उत्तरावर जगभर मोठमोठ्या योजना उभ्या राहिल्या. प्रथिनांची तूट भरून काढण्यासाठी महागड्या पिठांचे आणि मिश्रणांचे बेत आखले गेले. हैदराबादच्या संशोधकांनी मात्र पुस्तकातील उत्तरापेक्षा मुलाच्या ताटाकडे पाहिले. डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांचा आहार दीर्घकाळ तपासला, तेव्हा सुकटी झालेल्या आणि सुजवटी झालेल्या मुलांच्या पूर्वीच्या आहारात ठरावीक फरक सापडला नाही. १९६८ साली गोपालन यांनी मांडले की, फरक अन्नात नसून त्या अन्नटंचाईशी शरीर कसे जुळवून घेते यात आहे.

आता 'जुळवून घेणे' म्हणजे नेमके काय, हे सांगण्याची जबाबदारी संप्रेरकशास्त्रावर आली. हान्स सेल्ये यांनी १९३६ साली दाखवून दिले होते की थंडी, जखम, अतिश्रम किंवा विष, संकट कोणतेही असो, शरीराचा प्रतिसाद पुष्कळसा सारखाच असतो आणि त्यात मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथींचा वाटा मोठा असतो. या ग्रंथींतून स्रवणारे कॉर्टिसॉल हे संकटकाळचे कारभारी आहे. उपास लांबला की ते स्नायूंतील प्रथिने मोडून त्यांचे घटक यकृताकडे पाठवते. यकृत त्यांतून साखर आणि अल्ब्युमिनसारखी आवश्यक प्रथिने तयार करते. घरातले दागिने मोडून चूल पेटती ठेवावी, असाच हा व्यवहार.

जया राव, श्रीकंटिया आणि गोपालन यांनी कुपोषित मुलांच्या रक्तातील कॉर्टिसॉल मोजून १९६८ साली निबंध प्रसिद्ध केला. सुकटीच्या मुलांत ते अधिक आढळले. या आणि पुढील कामाच्या आधारे जया राव यांनी १९७४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात आपला सिद्धान्त मांडला. सुकटीचे मूल स्नायू खर्चून यकृताचा कारभार चालवते. ते कृश होते, पण त्याचे अल्ब्युमिन बऱ्यापैकी टिकते आणि सूज येत नाही. ज्या मुलाच्या शरीराला हा संप्रेरकी प्रतिसाद पुरेसा देता येत नाही, त्याचे स्नायू तुलनेने राखले जातात, मात्र यकृताला कच्चा माल मिळत नाही. त्यात चरबी साठते, अल्ब्युमिन घटते आणि अंगावर सूज चढते. म्हणजे जे मूल डोळ्यांना अधिक भरलेले दिसते, तेच आतून अधिक कोलमडलेले असते. आईला दिलासा देणारी ती गुटगुटी खरे तर धोक्याची सूचना होय.

हा सिद्धान्त शेवटचा शब्द ठरला नाही. आतड्यांतील सूक्ष्मजीवांचाही या आजाराशी संबंध असल्याचे मलावी देशातील जुळ्या मुलांच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. परंतु एकाच टंचाईला दोन शरीरे दोन तऱ्हांनी उत्तर देतात, ही दृष्टी टिकून आहे.

तिचा व्यावहारिक परिणामही लहान नव्हता. हैदराबादजवळच्या खेड्यांतील बालकांना गव्हाचे पीठ, साखर आणि तेल यांचा रोज ३१० उष्मांकांचा, पण अवघ्या ३ ग्रॅम प्रथिनांचा पूरक आहार १४ महिने देण्यात आला. त्यांची उंची आणि वजन चांगले वाढले, हे १९७३ साली प्रसिद्ध झाले. नेहमीचेच अन्न पोटभर मिळाले तर प्रथिनांचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो, असा त्याचा अर्थ. उणीव खास पदार्थाची नव्हती, पोटभर जेवणाची होती; आणि तिचे मूळ आईच्या अज्ञानापेक्षा घरच्या दारिद्र्यात होते. हे भान जया राव यांनी प्रयोगशाळेबाहेरही जपले. अभय बंग, अनंत फडके यांसारखे मराठी डॉक्टर ज्यात होते, त्या 'मेडिको फ्रेंड सर्कल'च्या पत्रिकेचे संपादन त्यांनी काही काळ केले.

याच धाग्याचे दुसरे टोक पुण्यात आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांत गर्भवती स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलो भरले. तरीही पुण्याच्या बालकांत स्नायू कमी असून त्वचेखालची चरबी त्या मानाने राखलेली आढळली. नाळेच्या रक्तातील इन्सुलिनही अधिक होते. टंचाईशी जुळवून घेणे गर्भातच सुरू होते आणि पुढे मधुमेहाच्या रूपाने त्याची किंमत मोजावी लागण्याचा धोका राहतो.

याच अभ्यासात डॉ. शोभा राव यांनी गर्भवतींच्या श्रमांची नोंद केली. विहिरीचे पाणी शेंदणे, धुणे, शेतातली कामे यांचा भार जिच्यावर जास्त, तिचे बाळ लहान, असे दिसून आले. येथे व्यायाम आणि कष्ट यांतला भेद ध्यानात घ्यावा. पोटभर जेवलेल्या माणसाने तासभर चालावे. कॉर्टिसॉल वाढले तरी विश्रांतीने ते उतरते आणि काम करणारे स्नायू रक्तातील साखर अधिक चांगली वापरू लागतात. अर्धपोटी स्त्रीच्या डोक्यावरील हंड्याला मात्र विश्रांतीचा तास नसतो. तिचे शरीर जो खर्च करते, तो पोटातल्या बाळाच्या खात्यातून जातो.

संप्रेरके रेणूंच्या भाषेत बोलतात. पण ती जे सांगतात ते अखेर घरातल्या ताटाविषयी आणि डोक्यावरच्या ओझ्याविषयी असते. ते हैदराबादेत ऐकले गेले आणि निर्भीडपणे मांडले गेले, याचा या नगरीतील मराठी वाचकालाही सार्थ अभिमान वाटावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आपल्या घरी धुणीभांड्याला येणारी बाई गर्भवती असेल, तर तिचे ताट भरलेले आणि तिचे ओझे हलके राहील एवढी काळजी प्रत्येकाने घ्यावी. त्यासाठी कोणत्याही प्रयोगशाळेची वाट पाहावी लागत नाही.