धंदा रक्तात असतो काय?



‘धंदा रक्तात असावा लागतो’ हे वाक्य आमच्या परभणी जिल्ह्यात वारंवार कानी पडते. पोखर्णीस नृसिंहाच्या देवळापुढे नारळ-प्रसादाची दुकाने आहेत. तेथे दुकानदाराचा बारा वर्षांचा मुलगा गल्ल्यावर बसतो आणि उधारी कोणास द्यावी, कोणास नाकारावी हे हळूहळू शिकतो. शेतकऱ्याचा त्याच वयाचा मुलगा कापसाच्या भावाची बोलणी ऐकावयास उभा राहिला, तर त्यास ‘तू अभ्यास कर’ म्हणून घरात धाडतात. पुढे एक व्यापारी होतो, दुसरा नोकरी शोधतो, आणि आपण सारे श्रेय रक्ताला देऊन मोकळे होतो!

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र ह्या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. त्यांचा जन्म १८६९ सालचा. मुंबईस ते चित्रकला शिकावयास गेले. परंतु रंग ओळखण्यात दृष्टिदोष आढळल्याने रंगकाम सुटले. निसर्गाने हे एक दार बंदच केले म्हणावयाचे. तेव्हा त्यांनी यंत्रांची रेखाटने हाती घेतली, तोच विषय व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिकविला आणि बढती नाकारली गेल्यावर नोकरी सोडून बेळगावास सायकलींचे दुकान चालविले. लोखंडी नांगर केला, तर लोखंडाने जमिनीत विष भिनते, असे शेतकरी म्हणू लागले. ते नांगर खपावयास फार दिवस लागले. एवढी चिकाटी शिकवून येते काय? तिचा काही अंश उपजत असावा, हे मी मान्य करतो.

परंतु खरा पुरावा पुढेच आहे. १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ जागा व १० हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले, आणि त्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. तेथे लक्ष्मणरावांनी जमविलेली माणसे पाहा. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले. ते कल्पक यंत्रज्ञ ठरले. के. के. कुलकर्णी परीक्षेत नापास झालेले. ते कारभार सांभाळू लागले. (आम्हां मास्तरांनी हे दोन दाखले भिंतीवर टांगून ठेवावेत.) वाडीच्या राखणदारीस तर शिक्षा भोगून आलेली माणसे नेमली होती. ह्या सर्वांच्या अंगी कर्तृत्व जन्मतःच होते असे धरले, तरी विश्वासाने काम सोपविले जाईपर्यंत ते कोणास दिसले नव्हते.

चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रसंस्थेतून १९२६ साली पदवी घेऊन परतले. तेथे ‘वारसा’ हा शब्द सहज सुचतो. पण कारखान्याच्या आवारात वाढलेल्या मुलाच्या बाबतीत रक्त कोठे संपते व सहवास कोठे सुरू होतो, हे कोण सांगणार?

हल्ली व्यवस्थापनाच्या पदवीसाठी घरोघरी लाखो रुपये खर्च होतात. त्या विद्येस मी नावे ठेवीत नाही. हिशेब, कायदा, बाजाराची माहिती तेथे मिळते. मात्र निर्णय घेऊन त्याचा तोटा स्वतः सोसणे वर्गात घडत नाही. येत्या सुटीत घरच्या वर्षभराच्या धान्याची खरेदी मुलावर किंवा मुलीवर सोपवून पाहा. रक्कम ठरवून द्या. दुकान, भाव, वाहतूक त्यांनीच ठरवावी. दोनचारशे रुपये अधिक गेले, तरी हिशेब पुढे येईपर्यंत मध्ये बोलू नका.