डोक्याचा मार आणि कायद्याचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मोटारसायकलचा अपघात हा राजकीय प्रश्न आहे असे म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाळावर आठी उमटते. महागाई, जमीन, बेकारी हे खरे प्रश्न. रस्त्यावर कोणी पडला तर तो ज्याच्या त्याच्या नशिबाचा भाग, अशी आपली समजूत असते. सरकारी आकडेवारी मात्र निराळे सांगते. २०२२ साली देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मरण पावली आणि त्यांतील पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास दुचाकीवरची होती. मोटार ज्याला परवडत नाही आणि एस.टी. ज्याच्या वेळेला येत नाही, तोच बहुधा दुचाकीवर बसतो. हेल्मेट घातलेच पाहिजे, यात वाद नाही. पुण्यासारख्या शहरात त्याविरुद्ध आंदोलने व्हावीत याचे मला नवल वाटते. पण आज बोलायचे आहे ते मेलेल्यांविषयी नव्हे, वाचलेल्यांविषयी.

पाय मोडला तर तो दिसतो. मेंदूला झालेली इजा पुष्कळदा दिसत नाही. बांधकामावरचा एखादा गवंडी महिनाभराने घरी येतो. हातपाय धड, बोलणे धड. शेजारी म्हणतात, देवाने वाचवले. पण त्याला मापे लक्षात राहत नाहीत, परातीवर उभे राहिले की भोवळ येते, क्षुल्लक कारणावरून तो मुलांवर हात उगारतो. पूर्वीचा शांत माणूस कोठे गेला हे बायकोला कळत नाही. कामावरून त्याला आठवड्यात परत पाठवतात. अपंगत्वाच्या दाखल्यावर तीस टक्के लिहिलेले असते. कमाई मात्र शंभर टक्के बुडालेली असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच बजावले आहे की, शरीराच्या अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईच्या क्षमतेची हानी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परंतु हा फरक न्यायाधिकरणापुढे पुराव्याने मांडावा लागतो, आणि तो मांडणारा डॉक्टर साक्षीला आणणे गवंड्याच्या घराला सोपे नाही.

आता भरपाईचा हिशेब पाहा. वार्षिक उत्पन्न घ्यायचे आणि त्याला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. बत्तीस वर्षांच्या माणसाला गुणक सोळा. महिना बारा हजार मिळवणाऱ्याची पूर्ण क्षमता गेली, तर भविष्यातील पगारवाढ बाजूला ठेवून, तेवीस लाख चार हजार. महिना एक लाख वीस हजार मिळवणाऱ्याची गेली, तर दोन कोटी तीस लाख चाळीस हजार. कवटीला तडा सारखाच, गुठळी सारखीच. कायदेपंडित म्हणतील की ज्याचे अधिक बुडाले त्याला अधिक मिळणार. मजुरीपुरते ते मी मान्य करीन. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कूस बदलून देणाऱ्या हातांना गरिबाच्या घरी किंमत नसते काय? तेथे ते हात बायकोचे किंवा आईचे असतात, म्हणून कोणी त्यांची पावती फाडत नाही, आणि पावती नाही म्हणून कोर्टात खर्चही नाही. २००७ साली ट्रकच्या धडकेत एका बारा वर्षांच्या मुलीच्या मेंदूला कायमची इजा झाली. न्यायाधिकरणाने दिले सुमारे अकरा लाख. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्या देखभालीचा खर्च आयुष्यभराच्या हिशेबाने मोजला, तेव्हा रक्कम बासष्ट लाखांवर गेली. निकाल चांगलाच आहे. पण तोवर बारा वर्षे गेली होती, आणि दिल्लीपर्यंत जाण्याचे बळ किती घरांत असते?

अपघाताच्या दुसऱ्या टोकाला इस्पितळ आहे. डोक्याला मार लागलेला माणूस काही काळ शुद्धीवर असतो, बोलतो, पाणी मागतो. आत कवटीखाली रक्त साचत असते. वेळेत स्कॅन आणि शस्त्रक्रिया झाली तर तो उठून घरी जातो. तालुक्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून मोठ्या शहरात ‘पुढे न्या’ असे होत गेले की ते तास निघून जातात. पोलिसांची भानगड नको म्हणून जवळच्या इस्पितळाने परत पाठवलेला एक स्कूटरस्वार वाटेतच मेला. त्या बातमीवरून परमानंद कटारा यांनी केलेल्या याचिकेत, १९८९ साली, जखमीला आधी उपचार देणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य ठरले. तरीही १९९२ साली कलकत्त्यात रेल्वेतून पडून डोक्याला जबर मार लागलेल्या एका मजुराला एकामागून एक सरकारी इस्पितळांनी दाखल करून घेतले नाही. पश्चिम बंग खेतमजूर समिती त्याच्यासाठी लढली आणि १९९६ साली जिंकली. निधी नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. भरपाई मिळाली पंचवीस हजार.

रात्रपाळीला एकट्याने वॉर्ड सांभाळणाऱ्या तरुण डॉक्टरला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे, असे मला मुळीच वाटत नाही. फौजदारी खटल्यासाठी ढोबळ हयगयच सिद्ध झाली पाहिजे, हा २००५ सालचा निकाल मला योग्य वाटतो. ज्याने स्कॅनचे यंत्र बंद ठेवले आणि मेंदूच्या शल्यचिकित्सकाची जागा भरली नाही, त्याला जाब कोणी विचारायचा, हा माझा प्रश्न आहे. ग्राहक कायदा येथे कामाचा नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांची सेवा त्या कायद्याखाली आणली खरी. पण जेथे सर्वांनाच उपचार फुकट मिळतात ती इस्पितळे वगळली. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत झाले, त्याचे आपण स्वागतच केले पाहिजे. पण बिल नाही म्हणून रुग्ण ग्राहक नाही, आणि ग्राहक नाही म्हणून त्याला ते स्वस्त दारही नाही. उरते दिवाणी न्यायालय किंवा थेट उच्च न्यायालय. नागरिकाचा हक्क पावतीच्या कागदातून उगवतो, असा याचा अर्थ होतो.

दुसरी वाट आहे. न्यूझीलंडने १९७४ सालापासून अपघाताची भरपाई दोषाच्या वादातून सोडवली. चूक कोणाची हे न पाहता उपचार, देखभाल आणि बुडालेल्या मजुरीचा ऐंशी टक्के भाग सार्वजनिक निधीतून मिळतो. वैद्यकीय उपचारातून झालेली इजाही त्यात येते. मजुरीची विषमता तेथेही उरते, पण देखभाल सर्वांना मिळते. आपल्याकडे १९८२ साली दोष न पाहता द्यायची भरपाई कायद्यात आली ती मृत्यूला पंधरा हजार, कायमच्या अपंगत्वाला साडेसात हजार. २०१९ च्या दुरुस्तीने ती पाच लाख आणि अडीच लाख झाली. आजन्म देखभालीपुढे अडीच लाख किती दिवस पुरतील? देखभालीचा खर्च मजुरीपासून तोडून सर्वांना सारखा, दरमहा आणि हयातभर मिळावा, अशी मागणी आपण जाहीरनाम्यात घातली पाहिजे.

त्याआधी करण्यासारखे काम प्रत्येक शाखेत आहे. दाव्याची मुदत १९९४ साली रद्द झाली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती पुन्हा सहा महिन्यांवर आणली आणि एप्रिल २०२२ पासून लागू केली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर कोणी थांबू नये. ज्याचा माणूस बेशुद्ध पडला आहे त्या घराला सहा महिने दिसतही नाहीत. म्हणून कार्यकर्त्याने पहिल्याच आठवड्यात पोलिसांकडून प्रथम खबर आणि पंचनाम्याची प्रत घ्यावी. केसपेपर लेखी अर्ज करून मागावेत. मागितल्यापासून ७२ तासांत ते देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. मजुराला पगारपत्रक नसते. मुकादमाची वही, हजेरीपट, बँकेचे पासबुक, मिळेल ते जमवावे. आणि जखमी माणसाची घरी सेवा कोण करते, दिवसाचे किती तास करते, हे तारीखवार एका वहीत लिहून ठेवायला त्या बाईला सांगावे.