मडक्यातील बेडूकघर



लाकडाच्या वखारींचा भाग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नागपुरातील लकडगंजात पावसाळा लागताच खरबरीत कातडीचे बेडूक अंगणात दिसू लागतात. त्यांच्या स्पर्शाने चामखीळ उठते असे समजून काही मुले त्यांस दगड मारतात. हा समज खोटा आहे. बेडूक रात्री किडे खाऊन बागेचे रक्षण करतो. बेडकांच्या पायांची भारतातून होणारी निर्यात १९८७ साली बंद करण्यात आली, ती त्यांचा संहार थांबावा म्हणूनच.

हस्तव्यवसायाच्या तासास काठ फुटलेले मडके घ्यावे. धारदार कडा दगडावर घासून बोथट कराव्यात. बाहेरून गेरूची नक्षी काढावी. आतून मात्र रंग देऊ नये, कारण बेडूक कातडीवाटे पाणी शोषतो. मडके सावलीत आडवे ठेवून निम्मे मातीत पुरावे. आत ओली माती व पालापाचोळा घालावा. शेजारी उथळ परळात पाणी ठेवून ते रोज बदलावे. जवळपास कीटकनाशक फवारू नये.

बेडूक पकडून आत कोंडू नये. तो आपण होऊन येईल. त्याच्या डोळ्यांमागील ग्रंथींत विष असते, म्हणून स्पर्श झाल्यास हात धुवावेत.

दगड उचलणाऱ्या हातांनीच बेडकासाठी घर रचले, म्हणजे निसर्गपाठ सार्थ झाला.