घरी प्राणी आणण्यापूर्वी : रिकाम्या पिंजऱ्याचा एक महिना

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त शहापूर येथे भरलेल्या विद्यार्थी शिबिरातील व्याख्यानाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला 'जीवदया' असा विषय दिला होता. या विषयावर बोलण्याचा अधिकार साधु-साध्वीजींचा आहे, माझा नाही. मी आयुष्यभर खेड्यातील शाळांत विज्ञान शिकविले. म्हणून या मोठ्या विषयाचा एक लहानसा कोपरा मी घेतला आहे. तुमच्या वयाच्या मुलाला वा मुलीला घरी एखादा प्राणी पाळावासा वाटला, तर त्याची तयारी कशी करावी, एवढेच मी आज बोलणार आहे.

गतवर्षी दहावीच्या परीक्षेनंतर एक विद्यार्थिनी आपल्या मातोश्रींसह माझ्याकडे आली. वडिलांचे बाजारपेठेत धान्याचे दुकान, घर दुकानाच्या वरच्या मजल्यावर. मुलुंडला मामांकडे गेली असताना शेजारच्या सदनिकेत तिने चिंचिला नावाचा प्राणी पाहिला होता. खारीपेक्षा मोठा, सशापेक्षा लहान, राखाडी रंगाचा, गोल कानांचा आणि ढगासारखा मऊ. मामांनी उत्तीर्ण झाल्याची भेट म्हणून तो घेऊन देण्याचे कबूलही केले होते. मातोश्री म्हणाल्या, "सर, तुम्हीच हिला समजवा." मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही आईला समजवा." मी दोघींनाही काही समजाविले नाही. मी तिला एक वही दिली. त्या वहीविषयी पुढे सांगतो.

प्रथम या प्राण्याची ओळख. चिंचिला मूळची दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताची रहिवासी. उंच, कोरड्या, खडकाळ उतारांवर, जेथे रात्री हाडे गोठविणारी थंडी असते, तेथे ती कळपाने राहते. त्या थंडीसाठी निसर्गाने तिला असा कोट दिला आहे, की आपल्या डोक्यावर ज्या एका छिद्रातून एखाददुसरा केस उगवतो, तेथे तिच्या अंगावर साठापर्यंत केसांचा झुबका असतो. हाच कोट तिचा वैरी ठरला. त्याच्यासाठी युरोप-अमेरिकेच्या बाजारपेठांनी लाखो चिंचिला मारल्या, कारण एका लांब कोटाला शंभराहून अधिक जीव लागत. १९१० मध्ये चिली, अर्जेंटिना, बोलिव्हिया आणि पेरू या देशांनी शिकारबंदीचा करार केला, तोवर फार उशीर झाला होता. रानातील चिंचिला आजही नष्ट होण्याच्या मार्गावर असलेल्या प्राण्यांत मोडते. चिलीने तिच्यासाठी १९८३ मध्ये स्वतंत्र राखीव क्षेत्र निर्माण केले.

मग ती मुलुंडच्या सदनिकेत आली कशी? चिलीमध्ये काम करणाऱ्या मॅथियस चॅपमन नावाच्या अमेरिकन खाण-अभियंत्याने काही वर्षे खटपट करून अकरा-बारा चिंचिला जमविल्या आणि १९२३ मध्ये त्या कॅलिफोर्नियाला नेल्या. अमेरिकेत पाळल्या जाणाऱ्या बहुतेक चिंचिला त्या मूठभर प्राण्यांच्या वंशज मानल्या जातात. त्याने त्यांना डोंगरावरून एकदम खाली आणले नाही. उष्ण, दाट हवेची सवय व्हावी म्हणून टप्प्याटप्प्याने अनेक महिने घेऊन उतरविले, जहाजावर पिंजऱ्यांना बर्फाचा गारवा दिला. त्याचा हेतू लोकरी कातड्याच्या व्यापाराचा होता, तो आपणांस मान्य होण्यासारखा नाही. परंतु मला खंत वाटते ती अशी, की कातड्यासाठी त्या माणसाने जेवढी पूर्वतयारी केली, तेवढी आपण प्रेमापोटी करत नाही.

आता आपला गाव पाहा. चिंचिलेला वीस अंशांच्या आतबाहेरची कोरडी हवा मानवते. पंचवीसच्या वर पारा गेला की तिला त्रास सुरू होतो आणि त्याच्याही वर उष्माघाताने ती दगावू शकते. तिला घाम येत नाही आणि तो कोट काढून ठेवता येत नाही. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा चाळिशीला टेकतो. माहुलीच्या माथ्यावर नेऊन ठेवली तरी तिची सुटका नाही! बरे, उन्हाळा सरला की जूनपासून चार महिने भिंतींना ओल येते, पापड मऊ पडतात, कपड्यांना बुरशीचा वास लागतो. चिंचिलेचा दाट कोट एकदा भिजला की लवकर वाळत नाही आणि त्वचेला बुरशी लागते. म्हणून तिला पाण्याने कधीही न्हाऊ घालायचे नसते. ती विशिष्ट बारीक धुळीत लोळून आपले अंग स्वच्छ ठेवते, आणि नदीची वाळू त्यासाठी चालत नाही. तिचे मुख्य अन्न वाळके गवत. भाताचा पेंढा त्याची जागा घेऊ शकत नाही. पावसाळ्यात गवताला बुरशी धरली तर तेच अन्न विष होते. तिचे दात जन्मभर वाढतात, ते गवत चावूनच झिजतात. दात वाढून तिने एक दिवस जरी खाणे सोडले तरी प्राणावर बेतते. अशा वेळी वैद्य कोठे? आपल्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याबद्दल मला आदर आहे, परंतु तेथील डॉक्टरांचा हात गाय, म्हैस, शेळीवर बसलेला. चिंचिलेच्या दातांचा जाणकार शोधायचा तर आसनगावहून लोकल धरून ठाणे-मुंबई गाठावी लागणार, मुरबाडहून तर आधी कल्याणपर्यंत एस.टी. आणि हा प्रवासही पुन्हा उन्हातला.

एसी लावू, असे मामांचे म्हणणे होते. लावावा. पण वादळी पावसात तारेवर झाड पडून रात्रभर वीज गेली म्हणजे घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर पंखा चालतो, एसी चालत नाही. शिवाय एक गोष्ट मला बोलल्यावाचून राहवत नाही. तानसा, भातसा, वैतरणा यांचे पाणी मुंबईला जाते आणि याच शहापूर तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या हंड्यांच्या रांगा लागतात. त्या रांगेसमोरच्या घरात एका प्राण्यासाठी दिवसरात्र थंडावा करणे मला व्यक्तिशः पटत नाही. हे माझे मत आहे, ते तुम्ही स्वीकारावे असा आग्रह नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो, कारण पुष्कळ सुशिक्षित घरांतही तिची माहिती नसते. पिंजऱ्यातला आपला हिरवा पोपट, तारांकित कासव, रानातून आणलेले सशाचे पिल्लू, हे पाळणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे. पाडसापासून मुलासारखे वाढविले, ही सबब तेथे चालत नाही. या अधिनियमात २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन परदेशी प्राण्यांसाठी नवे प्रकरण आले, आणि २०२४ च्या नियमांनुसार त्यांतील अनेक प्रजातींची नोंदणी बंधनकारक झाली. रानटी चिंचिला आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीत आहे. पिढ्यान्‌पिढ्या पाळीव असलेल्या जातीला त्या करारात सूट आहे. पण दुकानातला प्राणी कोणता, त्याचे कागद काय, हे दुकानदाराच्या तोंडी शब्दावर सोडू नये. शहापूरला वन विभागाचे कार्यालय आहे, तेथे खरेदीच्या आधी लेखी विचारावे. पाळीव प्राण्यांच्या दुकानालाही २०१८ च्या नियमांप्रमाणे नोंदणी लागते. ते प्रमाणपत्र दाखवा असे म्हणण्यात संकोच कसला?

आपल्या घरांतून आणखी एक वाक्य नेहमी ऐकू येते : "नाही जमले तर पांजरपोळात देऊ." मुंबईची पांजरपोळ १८३४ ची. दोन वर्षे आधी शहरात कुत्र्यांच्या कत्तलीवरून दंगल उसळली होती. त्यानंतर जमशेटजी जीजीभाई आणि हिंदू-जैन व्यापारी यांनी एकत्र येऊन ही संस्था उभी केली. या परंपरेचा आपल्याला योग्य अभिमान आहे. परंतु पांजरपोळ थकलेल्या, निराधार गुराढोरांसाठी आहे, आपल्या हौसेचा कंटाळा ठेवण्याची ती कोठी नव्हे. तीच गोष्ट सोडून देण्याची. काचेच्या पेटीतली लाल कानपट्ट्यांची परदेशी कासवे मोठी झाली की लोक पुण्य समजून तळ्यात सोडतात. ती मूळच्या जलचरांचे अन्न व जागा बळकावतात. एका जीवाला सोडले, याचे समाधान आपल्याला मिळते, आणि किती जीवांना त्रास झाला ते पाण्याखाली राहते.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पाठशाळेत हे आपण पाठ केले, परीक्षेत लिहिले. पण यादीत पहिला शब्द बांधून ठेवण्याचा आहे आणि शेवटचा अन्नपाणी अडविण्याचा, याचा अर्थ मला पाठशाळेत कळला नाही. तो मी निराळ्या रीतीने शिकलो.

मी नववीत होतो. कल्याणच्या बाजारातून हट्टाने दोन पांढरे ससे आणले. लाकडी खोक्याला जाळी ठोकून पडवीत, पत्र्याखाली ठेवले. वडिलांनी एकच विचारले होते, "रोज कोण बघणार?" मी म्हणालो, "मी." बघतही होतो, दोन महिने. मग वैशाखात टोकावड्याकडे नात्यातले लग्न निघाले. सकाळी निघताना वाटीत पाणी भरले, भाजी टाकली. रात्री उशिरा परतलो. वाटी उलटली होती, बहुधा सकाळीच. एक ससा जाळीला तोंड लावून पडला होता. दुसरा पहाटेपर्यंत होता. मला कोणी रागावले नाही. आईने ते खोके धुऊन उन्हात वाळत घातले आणि पुढे कित्येक वर्षे त्यात कांदे ठेवले जात. ते कांदे आणायला मी जात नसे.

म्हणून त्या मुलीला मी वही दिली. अट अशी की, एक महिना घरात प्राणी आहे असे समजून वागायचे. मामांच्या शेजाऱ्यांकडून जुना पिंजरा उसना आणला. तो रिकामाच तिच्या खोलीत ठेवला. रोज सकाळी शाळेच्या वेळेआधी उठून त्याचा तळ पुसायचा, पाणी बदलायचे, गवत मोजून ठेवायचे. चिंचिला सांज-रात्रीची जागी असते, म्हणून रात्री एक तास मोबाइल बाजूला ठेवून तेथे बसायचे. दुपारी दोन वाजता भिंतीवरच्या तापमापकाचा आकडा लिहायचा. वीज गेली तर केव्हा गेली आणि केव्हा आली, ते लिहायचे. घरातील प्रत्येकाने एकेक दिवस तिच्याऐवजी हे काम करून पाहायचे, आजींनीसुद्धा. आणि शेवटच्या पानावर पुढची पंधरा वर्षे मांडायची, कारण नीट सांभाळली तर चिंचिला दहा-पंधरा, क्वचित वीस वर्षे जगते.

वही परत आली ती मी जपून ठेवली आहे. पहिले आठ दिवस अक्षर सुंदर. नवव्या दिवशी "उशिरा उठले". बाराव्या दिवशी भावाची पाळी होती, तो विसरला. दुपारचा पारा महिनाभरात एकदाही तेहतिसाखाली आला नाही, तीन दिवस तो एकोणचाळीसवर होता. वीज अकरा वेळा गेली, त्यांतली एकदा सहा तास. चैत्री ओळीची आयंबिले होती त्या दिवसांत आई सकाळपासून उपाश्रयात, घरी कोणी नव्हते. नंतर पालिताण्याच्या यात्रेला सारे कुटुंब पाच दिवस गेले. त्या पाच ओळी तिने कोऱ्या सोडल्या आहेत. खाडाखोड नाही, सबब नाही. कोऱ्या ओळी सोडण्याला धैर्य लागते, हे शिक्षक म्हणून मी सांगू शकतो. शेवटच्या पानावर तिने लिहिले होते : अकरावी-बारावी कल्याणला, जाऊन-येऊन. पुढे पदवी, बहुधा वसतिगृह. "मी तीस वर्षांची होईन तेव्हा ती म्हातारी असेल. ती कोणाची असेल?"

मामांना तिने स्वतः फोन करून नको म्हणून सांगितले. मातोश्री मला म्हणाल्या, "सर, तुम्ही जिंकलात." तसे नाही. पशुपालनाला माझा विरोध नाही. ज्या घरात माणसांचा वावर आहे, हवा मानवते, शेजारीपाजारी पाणी द्यायला तयार आहे, डॉक्टर हाकेच्या अंतरावर आहे, तेथे प्राणी सुखाने राहतात. आपल्याकडची गावठी कुत्री याच उन्हात आणि याच पावसात जन्मलेली आहेत.

दुकानाच्या ओट्याखाली अशीच एक कुत्री बसत असे. पिंजरा परत गेल्यावर मुलीने त्याच वहीत नवे पान सुरू केले. या वेळी घरातल्या सर्वांची नावे आधीच वारांपुढे लिहिलेली आहेत, यात्रेच्या दिवसांपुढे शेजारच्या किराणा दुकानदाराचे नाव, त्यांच्या संमतीच्या सहीसह. पहिल्या ओळीत रेबीजच्या लसीची तारीख आहे, दुसरीत पुढच्या मात्रेची. तिसऱ्या ओळीत आजींच्या अक्षरात लिहिले आहे : "दुपारचे पाणी मी बदलले."