वास्तु आणि वसति



‘वास्तु’ हा शब्द ‘वस्’ म्हणजे राहणे या धातूपासून सिद्ध झाला आहे. बांधणे हा अर्थ त्या धातूत नाही. अर्थात घराचा विचार ‘कसे राहावे’ येथून आरंभावा. आज मात्र सृष्टीशी सख्य राखणारे घर म्हटले की सौरपट, उष्णतारोधक काच आणि अल्प वीज खाणारी शीतयंत्रे यांचीच गणती होते. ही साधने टाकाऊ नव्हेत. परंतु किती जागा पुरे, किती गारवा पुरे, हा प्रश्न कोणतेही यंत्र विचारीत नाही.

२०२३ साली छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या जिल्ह्यातील पांढुर्णा व सौंसर या तालुक्यांतील जुनी घरे पाहावीत. जाड मातीची भिंत, वर कवेलू, पुढे ओसरी, खाली शेणाचे सारवण. वैशाखाचे ऊन भिंत दिवसभर शोषते व आत पोहोचविण्यास रात्र करते. तोवर माणसे अंगणात बाज टाकून निजलेली असतात! म्हणजे गारव्याचे अर्धे श्रेय राहण्याच्या रीतीचे. पडक्या भिंतीची माती भिजवून पुन्हा भिंत उभी राहते. सिमेंटसाठी मात्र चुनखडी सुमारे १४५० अंशांवर भाजावी लागते.

वर्ध्याजवळील सेवाग्रामची बापूकुटी या विचाराचे प्रत्यक्ष रूप होय. १९३६ साली तेथे राहावयास जाताना गांधीजींनी दोन अटी घातल्या: खर्च पाचशे रुपयांवर जाऊ नये, आणि साहित्य व कारागीर परिसरातलेच असावेत. आधी मर्यादा, मग आराखडा. १९७८ साली इव्हान इलिच हे पाश्चात्त्य विचारवंत तेथे आले, तेव्हा त्यांच्या भाषणाचा विषयच ती कुटी होता.

तथापि मातीच्या घराची स्तुती करणाऱ्यांनी सारवण कोण करीत असे, हेही सांगावे. तो भार घरच्या स्त्रियांवरच पडे. वाळवी, गळती, कवेलू उधळणारी वानरे, हे सारे निराळेच. तेव्हा कोणी स्लॅबचे घर मागितले तर त्यास दोष देता येत नाही. मातीचे घर श्रमाच्या वाटणीवर टिकते; ती वाटणी मोडली की घर मोडते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीसाठी जाम नदीच्या दोन्ही तीरांवर, पांढुर्ण्याच्या व सावरगावच्या बाजूस, हजारो हात जमतात. मृगापूर्वी घर शाकारावयास चार हात मिळत नाहीत, आणि कवेलूंच्या जागी पत्रा येतो.