लोकसभेतील स्त्रिया : प्रश्न मतदारांचा की पक्षांचा?



लोकसभेत स्त्रिया किती, हा प्रश्न दिल्लीचा समजून बाजूला सारण्याची सवय जुन्नर आणि आंबेगावच्या कार्यकर्त्यांनाही जडलेली आहे. वस्तुतः त्याचे उत्तर दिल्लीत ठरत नाही. मंचर, घोडेगाव, नारायणगाव येथे निवडणुकीच्या आधी ज्या बैठका होतात आणि ज्या बैठकांत नावे ‘पुढे येतात’, तेथे ते ठरते. हे दोन तालुके पूर्वी खेड मतदारसंघात होते. २००८ च्या पुनर्रचनेनंतर ते शिरूरमध्ये आले. १९७७ पासून येथून अण्णासाहेब मगर, रामकृष्ण मोरे, किसनराव बाणखेले, विदुरा नवले, निवृत्ती शेरकर, अशोक मोहोळ, शिवाजीराव आढळराव पाटील आणि अमोल कोल्हे हे लोकसभेवर निवडून गेले. पक्ष बदलले, लाटा आल्या आणि ओसरल्या, मतदारसंघाचे नावसुद्धा बदलले. स्त्री मात्र एकही गेली नाही. बाणखेले १९८९ साली जनता दलाचे उमेदवार म्हणून निवडून आले होते, म्हणजे या यादीची जबाबदारी केवळ इतरांवर टाकून समाजवाद्यांना मोकळे होता येणार नाही.

पुणे जिल्ह्याची सुरुवात काही अशी नव्हती. १९५२ च्या पहिल्याच निवडणुकीत पुणे दक्षिणमधून इंदिरा मायदेव निवडून आल्या. त्यानंतरचा प्रवास पाहिला तर मन खिन्न होते. पहिल्या लोकसभेत स्त्रियांचे प्रमाण पाच टक्क्यांहून कमी होते. १९७७ साली, लोकशाहीच्या पुनःस्थापनेचा जयघोष चालू असताना, अवघ्या १९ स्त्रिया निवडून आल्या. इतकी कमी संख्या आधीही नव्हती आणि नंतरही झाली नाही. त्या १९ मध्ये मुंबईच्या मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर होत्या, हा अभिमानाचा भाग. तथापि दोन तेजस्वी नावांनी उरलेल्या रिकाम्या जागा भरून निघत नाहीत. २०१९ साली ७८ स्त्रिया निवडून आल्या, २०२४ साली ७४. ५४३ सदस्यांत हे प्रमाण चौदा टक्केही भरत नाही. महाराष्ट्राच्या ४८ जागांत आठ होत्या, त्या सात झाल्या.

त्या सातांपैकी पाच जणींच्या मागे वडील, सासरे वा पती यांची राजकीय कारकीर्द आहे, असे लगेच सांगितले जाते. ते खरे आहे. पण वारसदार पुरुष खासदारांची अशी मोजदाद कोणी करीत नाही, हेही तितकेच खरे आहे.

स्त्री उमेदवार निवडून येत नाही, ही सबब आता टिकणारी नाही. २०२४ च्या निवडणुकीत मतदान करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ६५.७८ टक्के होते, पुरुषांचे ६५.५५. मतदान करण्यात स्त्री मागे नाही. उमेदवारांच्या यादीत मात्र तिचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास. ओडिशात बिजू जनता दलाने २०१९ साली २१ पैकी सात जागांवर स्त्रिया उभ्या केल्या, त्यांतील पाच विजयी झाल्या. २०२४ साली तृणमूल काँग्रेसने बंगालमध्ये बारा जणींना उमेदवारी दिली आणि अकरा निवडून आल्या. या पक्षांच्या इतर व्यवहारांविषयी बोलण्यासारखे पुष्कळ आहे. येथे मुद्दा एवढाच की कोणत्याही कायद्याची वाट न पाहता हे करता आले.

आणि कायदा झाला तेथे काय झाले, ते पाहण्यासाठी दूर जावयास नको. महाराष्ट्राने २०११ साली स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांचे आरक्षण निम्म्यावर नेले. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील अनुसूचित क्षेत्रांत सरपंचपद आदिवासींसाठी राखीव आहे आणि त्यातही निम्मा वाटा स्त्रियांचा. महादेव कोळी, ठाकर समाजातील स्त्रिया तेथे ग्रामपंचायतीचा कारभार पाहतात. खुर्चीवर बाई आणि कागदावर नवऱ्याची नजर, असा प्रकार आजही आढळतो. पण पहिल्या पाच वर्षांत गप्प बसलेल्या सरपंच बाई पुढे ग्रामसेवकाला हिशेब विचारू लागतात, हाही अनुभव आहे. पंचायत समिती, जिल्हा परिषद येथवर हा रस्ता जातो. त्यापुढे आरक्षण संपते आणि रस्ताही संपतो. जुन्नरमध्ये आशा बुचके जिल्हा परिषदेतून पुढे येऊन २०१४ साली पक्षाच्या आणि २०१९ साली अपक्ष उमेदवार म्हणून विधानसभेला उभ्या राहिल्या, पण विधानसभेत पोहोचल्या नाहीत. दरवर्षी फेब्रुवारीत शिवनेरीवर जिजाऊंचा जयजयकार करणाऱ्या पुढाऱ्यांना याची खंत वाटलेली दिसत नाही.

१९७४ च्या ‘समानतेकडे’ या अहवालात विधिमंडळांतील आरक्षण समितीच्या बहुमताने नाकारले होते. लोतिका सरकार आणि वीणा मजुमदार यांनी भिन्नमत नोंदविले. १९९६ साली देवेगौडा सरकारने विधेयक आणले. त्याला सर्वांत कडवा विरोध लोहियांचे नाव सांगणाऱ्या पक्षांकडूनच झाला, ही गोष्ट समाजवादी कार्यकर्त्याने टाळू नये. मागासवर्गीय स्त्रियांना त्यात स्वतंत्र वाटा हवा, ही त्यांची मागणी रास्त होती. पण लोहियांनी मागासलेल्यांसाठी शंभरात साठ जागा मागितल्या तेव्हा त्या साठांत समस्त स्त्रिया धरल्या होत्या. त्यांच्या वारसांनी वाट्यातील वाट्यासाठी मूळ वाटाच रोखून धरला, आणि आपल्या उमेदवार याद्यांत मागासवर्गीय स्त्रियांना तो वाटा देण्यास त्यांना कोणी अडविले होते, याचे उत्तर कधी दिले नाही.

२०१० साली राज्यसभेने संमत केलेल्या विधेयकात जनगणनेची अट नव्हती. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीत ती आली : आधी जनगणना, मग मतदारसंघांची पुनर्रचना, मग एक तृतीयांश जागा. २०२४ ची निवडणूक या आरक्षणाविनाच पार पडली. अनुसूचित जाती व जमातींच्या राखीव जागांतील एक तृतीयांश जागा त्या समाजांतील स्त्रियांना मिळतील, अशी तरतूद त्यात आहे. परंतु महाराष्ट्रात जमातींसाठी राखीव असलेल्या नंदुरबार, दिंडोरी, पालघर आणि गडचिरोली-चिमूर या चार जागांत शिरूर नाही. डिंभे धरणात जुने आंबेगाव गाव बुडाले आणि पाणी कालव्यांनी पूर्वेकडे गेले. धरणाच्या वरच्या अंगाला राहिलेली जी बाई उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करते आणि पडकईत डोंगरउतारावर भाताची खाचरे बांधते, तिच्यासाठी या कायद्यात थेट दार नाही. शिरूरची जागा स्त्रियांसाठी राखीव झाली तरी तेथे हिच्या नावाचा विचार होईल काय? निवडणूक आयोगाने २०२२ साली महाराष्ट्रासारख्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा ९५ लाख रुपये केली, आणि २०२४ साली निवडून आलेल्यांपैकी ५०४ जण कोट्यधीश आहेत. स्त्री म्हणून दार उघडले तरी गरीब म्हणून ते पुन्हा बंद होणार. वनोपजाचा भाव, विस्थापितांची जमीन, उसाच्या फडात बिबट्याच्या भीतीने काम करणारी मजूर बाई हे विषय सभागृहात कोण मांडणार, हे त्यावरच ठरते.

नेपाळने २०१५ च्या राज्यघटनेत हे ओझे पक्षांवर टाकले : प्रत्येक पक्षाच्या संसद सदस्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया असल्याच पाहिजेत. आपल्या घटनादुरुस्तीत पक्षांच्या उमेदवारीविषयी एक अक्षर नाही. पक्षाच्या स्वतःच्या घटनेत मात्र तसे कलम घालता येते. उमेदवार निवडणाऱ्या समितीत निम्म्या स्त्रिया, त्यांत पश्चिम पट्ट्यातील आदिवासी स्त्रिया, आणि त्यांच्या प्रचाराचा खर्च पक्षाच्या वर्गणीतून, असा ठराव करता येतो. त्याला जनगणना लागत नाही की पुनर्रचना. घोडेगाव आणि जुन्नर येथील तालुका समित्यांच्या येत्या बैठकीत तो मांडला जावा, आणि त्याला विरोध करणाऱ्यांनी आपली कारणे इतिवृत्तात नोंदवावीत.