गरम, आणि बसून

आज आम्ही हप्त्याचं, व्याजाचं किंवा वहीखात्याचं काही सांगणार नाही. आज नाश्त्याबद्दल बोलू या. घरी केलेल्या नव्हे, बाहेर बसून खाल्लेल्या.

आमच्या गटाच्या एका बैठकीत सहज प्रश्न निघाला : तव्यावरून थेट ताटात आलेली पोळी आपण शेवटची कधी खाल्ली? एका काकूंनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाल्या, "बाळंतपणाला माहेरी गेले होते तेव्हा. तो मुलगा आता रिक्षा चालवतो." सगळ्या हसलो. मग जरा वेळ कोणी काही बोललं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका प्रशिक्षणासाठी आम्ही डोंबिवलीहून ठाण्याला गेलो. सकाळची लोकल म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहेच. सगळ्यांचे डबे भरून झाले होते, आपलं पोट मात्र रिकामं. दुपारी काम संपलं, तेव्हा एक ताई म्हणाल्या, "चला, कुठेतरी बसून खाऊ." लगेच कारणं सुरू झाली. एकीला घरी जाऊन भात टाकायचा होता. दुसरीला वाटलं, कोणी ओळखीचं भेटलं तर? तिसरी हळूच म्हणाली, "पैशांचा हिशेब घरी द्यावा लागतो."

तरी गेलो. पहिल्या हॉटेलात शिरलो तर वेटरने विचारलं, "बरोबर जेन्ट्स कोणी आहेत का?" नाही म्हटल्यावर त्याने आतलं, मोरीजवळचं टेबल दाखवलं. पुढची दोन टेबलं रिकामी होती. पूर्वी हॉटेलांतून 'फॅमिली रूम' असायची, अर्ध्या दाराची. बाईमाणसाने तिथेच बसायचं, तेही घरच्या पुरुषाबरोबर. दारं गेली, पण ती सवय काही ठिकाणी अजून उरली आहे. आम्ही भांडलो नाही. पण मोरीजवळही बसलो नाही. बाहेर पडलो.

मग ठाण्याची मामलेदार मिसळ गाठली. मामलेदार म्हणजे तहसीलदाराचं जुनं नाव. तहसील कार्यालयाजवळचं हे ठिकाण, म्हणून मिसळीलाही तेच नाव पडलं. जागा लहान, गर्दी मोठी. आपला नंबर येईपर्यंत उभं राहायचं आणि जागा मिळाली की बसायचं. तिखट किती हवं ते मात्र आधी सांगायचं. आमच्या काकूंनी जोरात सांगितलं, "तिखट!" पहिल्या घासाला नाकाडोळ्यांतून पाणी आलं. पण प्लेट सोडली नाही. वर पाव मागितला आणि म्हणाल्या, "कोणीतरी आणून देतंय, मग का सोडू?"

मैत्रिणींनो, खाण्याइतकीच त्या 'आणून देण्या'चीही गोष्ट आहे. दुसऱ्यांना खाऊ घालणं आपल्याला नवीन नाही. मुंबईच्या गिरणगावात बायकाच गिरणी कामगारांच्या खानावळी चालवत होत्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं, हा त्यामागचा मोठा हेतू होता. म्हणजे वाढणाऱ्या बायकांनी शहरं जगवली. पण त्याच बाईने गिऱ्हाईक म्हणून टेबलाशी बसावं, पाणी मागावं, बिल मागावं, हे अजून अनेकींना जड जातं.

परतीच्या गाडीत आमच्यातली एक वहिनी हिशेब करत होती. ती पोळीभाजीच्या ऑर्डरी घेते. ती म्हणाली, "प्लेटमध्ये कडधान्य, फरसाण, कांदा, पाव. सामान एवढंच. पण किमतीत गॅस आहे, भाडं आहे, वाढणाऱ्याचा पगार आहे, भांडी घासणाऱ्याचाही आहे. मी पोळीत फक्त कणीक, तेल आणि गॅस धरते. माझा पगार कुठे आहे?" पुढच्या महिन्यात तिने पोळीमागे एक रुपया वाढवला. दोन गिऱ्हाइकं गेली, बाकीची राहिली. एका मिसळीने तिला जे शिकवलं, ते आमच्या दोन बैठकांत शिकवून झालं नव्हतं.

दुसरी खेप कल्याणला केली, खिडकी वड्याची. तिथल्या वझे कुटुंबाने आपल्या घराच्या खिडकीतून वडे विकायला सुरुवात केली, म्हणून हे नाव. आमच्यातल्या दोघीतिघी वडा हातात घेऊन बराच वेळ गप्प होत्या. दुकान नाही, गाळा नाही, म्हणून धंदा नाही, असं त्या नेहमी म्हणत. खिडकी तर आपल्या प्रत्येकीच्या घराला आहे.

आता आमचा नेम झाला आहे. महिन्यातून एकदा, बँकेचं काम झालं की नाश्ता. तुम्हालाही करायचा असेल तर चार गोष्टी सांगतो. गटाच्या बचतीला हात लावायचा नाही. या नाश्त्यासाठी प्रत्येकीने वेगळी, झेपेल तेवढी वर्गणी काढायची आणि ती वहीत वेगळ्या पानावर लिहायची. एखादीकडे त्या महिन्यात नसेल, तर तिला घरी ठेवून जायचं नाही. वेळ साडेदहा-अकराची, कामाच्या दिवसाची निवडायची. गर्दी कमी असते आणि मालकही दोन शब्द बोलतो. आणि स्वच्छतागृह आहे का, हे बसण्याआधी विचारायचं. ते नसतं म्हणून आपण दिवसभर पाणी पीत नाही. विचारण्यात लाज कसली? गिऱ्हाइकांनी विचारलं, तरच मालकाला त्याची गरज कळेल.

ज्या ताईंना घरी हिशेब द्यावा लागत होता, त्यांनी पहिल्या वेळी भाजीच्या पैशांत मिसळ लपवली. तिसऱ्या वेळी घरी सरळ सांगितलं, "आज मी बाहेर खाल्लं." घरात जरा कुरकुर झाली. मग नवऱ्याने विचारलं, "तिखट होती का?"

गेल्या आठवड्यात काकू डोंबिवलीच्या एका लहानशा हॉटेलात एकट्या गेल्या. दारासमोरच्या टेबलाशी बसल्या, इडली मागवली आणि ती गरम असतानाच संपवली. बैठकीत त्यांनी हे सांगितलं, तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. मैत्रिणींनो, या महिन्यात तुम्हीही एकदा बसा. आणि पुढचं टेबल रिकामं असेल, तर तेच मागा.